उलटा पीळ

१७ जून, मंगळवार

ही डायरी गोपालला दिवाळीला यार्नच्या दलालाने दिली होती. तशीच कपाटात पडून होती. आज फिजिओवाली बेन म्हणाली, "बा काय खातात, हात किती हलतो, रोज लखी राखो." म्हणून सासूची नोंद लिहायला बसले.

खाल्लं: मुगाची खिचडी. अर्धी पोटात, अर्धी माझ्या पदरावर. हात हलला: डावा. माझ्या मनगटावर फटका मारण्यापुरता.

एवढं लिहून उठणार होते, पण पान मोठं आहे आणि घरात ऐकायला कोणी नाही. नवरा, गोपाल, टीएफओच्या कारखान्यात, पॉलिएस्टरच्या धाग्याला पीळ देणाऱ्या मशिनींवर. दिवसभर ती घरघर ऐकून घरी आला की माझा आवाज त्याला आणखी एक मशीन वाटतो. पोरगी लग्न होऊन वापीला गेली. उरली सासू.

धुरपदाबाई. आम्ही सगळे नुसतं बाई म्हणतो. अक्षय्य तृतीयेची आखाजी झाली आणि तिची उजवी बाजू गेली. हात, पाय आणि वाचा. वाचेतला एकच शब्द शिल्लक राहिला: "नही." पाणी हवं असलं तरी नही, नको असलं तरी नही. लग्न होऊन इथे गोडादऱ्यात आल्यापासून मला जे सांगत आली, नेमकं तेवढंच देवाने तिच्याकडे ठेवलं.

२० जून, शुक्रवार

खाल्लं: काही नाही. ताट सरकवलं.

आज साड्यांचा गठ्ठा आला होता, लेसपट्टी लावायला. मी डावरी. कात्री डाव्या हातात, सुई डाव्या हातात, आमच्या गल्लीत माझ्याएवढी लेस कोणी लावत नाही. पण बाईसमोर हा हात मी कायम पदराखाली ठेवला. लग्नानंतर पहिल्याच पंगतीत डाव्या हाताने वाढलं म्हणून भर माणसांत तिने माझ्या मनगटावर पळी मारली होती. पळी गरम होती. डाग अजून आहे.

बेन तिला व्यायाम देते तो डाव्या हाताचाच. चेंडू दाब, कपड्याचे चिमटे लाव. जो हात तिला माझ्या अंगावर खपला नाही त्याच हाताने आता तिला नाक पुसावं लागतं. मला आनंद झाला. खोटं कशाला लिहू.

२९ जून, रविवार

धर्मेंद्र आणि वर्षा आले होते. धर्मेंद्र माझा दीर, पलसाण्याला रंगाईच्या मिलमध्ये असतो, तिकडेच फ्लॅट घेतलाय. वर्षा बारडोलीची, बाप साखर कारखान्यात होता. मराठी बोलता बोलता गुजरातीत घसरते आणि हसते. हसण्यासारखं काही नसलं तरी हसते.

चहा होईतो मागच्या गल्लीतल्या मालतीबाई टपकल्या. चुलत सासू आमची. बसल्या बसल्या त्यांनी काढलंच. "यंदा कानबाई कोना घर बसाडतस?"

मी चहा गाळायला उठले. पण माझ्या पोटात गेली कित्येक वर्षं हाच एक प्रश्न आहे.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई देवी बसते. चौरंगावर नारळ, त्याला नथ, डोळे, लुगडं. रोटाचे, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांचे, गहू घरातल्या माणसांच्या नावाने मुठीमुठीने मोजायचे. एकाच घरी मोजले तर घर एक. ज्याने वेगळे मोजले तो वेगळा झाला, मग पुढे लग्नाला मयताला येऊ दे नाहीतर न येऊ दे. आणि आमच्या घराण्याचं आणखी एक: चौरंगाभोवती जे सूत गुंडाळतात ते विकतचं चालत नाही. घरातल्या बाईने टकळीवर कातायचं. गेल्या वर्षीचं हातभर सूत कुंकवाच्या डबीत जपून ठेवतात, त्याच्या टोकापासून पुढे नवं कातत जायचं. गाठ मारायची नाही. गाठ आली की भाऊबंदकीत गाठ. आणि जिचं सूत, तिच्या घरी कानबाई.

बाईने कातलं, तिच्या आधी तिच्या सासूने. थोरली सून मी. पुढचं सूत माझं. पण दरवर्षी मी टकळीला हात लावायला गेले की बाई म्हणायची, "देवनं काम डावा हाते नही करतस, वं!"

मालतीबाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "उज्ज्वलाना डावा हात. वर्षाले करू दे."

वर्षा हसली. बाई म्हणाली, "नही." पण ते ती पंख्यालासुद्धा म्हणते.

३ जुलै, गुरुवार

वर्षा रजा काढून शिकायला आली. बाईची टकळी फार जुनी, पितळेची चकती आणि मधून लोखंडी काडी, वर आकडा. पेळूचा कापूस एका हातात धरायचा, दुसऱ्याच्या बोटांनी टकळी फिरवायची. बघायला पोरखेळ आहे. वर्षाच्या हातात वीतभर सूत यायचं आणि तुटायचं.

"ताई, आ तो तूटी जाय छे!"

तूटी जाऊ दे. बाई दाखवणार कशी? शिकवायचा तिचा हात मेलेला. पलंगावरून नुसती बघते आणि नही नही करते. मी दारात बसून लेस लावत होते. एक साडी उलटी शिवली गेली इतकी मजा आली.

८ जुलै, मंगळवार

खाल्लं: वरणात कुस्करलेली पोळी, दोन वाट्या. औषध थुंकलं.

वर्षाला जमतंय. बारीक नाही, पण सलग येतंय.

मला आज जेवण गेलं नाही.

११ जुलै, शुक्रवार

दुपारी बाईचा डोळा लागला तेव्हा टकळी काढली. पहिल्यांदा उजव्या हाताने, नियमाप्रमाणे. उजवा हात म्हणजे माझा सावत्र भाऊ, काही सांगा, करणार नाही. टकळी दोन गिरक्या घेऊन लटपटायची. मग दार लावून घेतलं आणि डाव्या हातात घेतली.

काय सांगू! बोटांनी झटका दिला आणि टकळी हवेत उभी राहिली. कापसातून सूत आपोआप सुटत गेलं, बारीक, एकसारखं. मी उभी राहिले, तरी टकळी फरशीला टेकू लागली म्हणून स्टुलावर चढले. बावीस वर्षं ही गोष्ट माझ्या हातात होती आणि मला ती करू दिली नाही. स्टुलावर उभी राहूनच मी बाईला ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहीत नाही.

खाली बघितलं तर बाई जागी. डोळे टक्क उघडे. "नही," म्हणाली.

"आता मारा पळी," मी म्हटलं.

१३ जुलै, रविवार

सगळ्यांसमोर करून दाखवायचं ठरवलं होतं. गोपाल घरी, धर्मेंद्र वर्षा आलेले, मालतीबाई तर असतातच. मी कुंकवाच्या डबीतून बाईचं जुनं सूत काढलं, टोक सोडवून त्यावर कापूस धरला आणि डाव्या हाताने टकळी फिरवली. मालतीबाईंनी कपाळाला हात लावला. लावू दे.

पण जोड धरेना. माझ्या कापसाला पीळ चढायचा तसतसा जुन्या सुताचा उतरायचा, मऊ पडायचं, आणि सुटून टकळी फरशीवर. पुन्हा केलं. पुन्हा तेच. वर्षा वाकून बघत होती.

"ताई, तमे ऊंधू फेरवो छो. बाईंचा पीळ इकडून, तुमचा तिकडून. कसं धरणार?" आणि हसली. तिकडून फिरवून बघितलं, तर बोटं माझ्या उजव्या हातासारखी लटपटली.

म्हणजे माणूस तर माणूस, तिचं सूतसुद्धा मला नही म्हणतं. मी टकळी भिंतीवर फेकली. चकती वाकली. गोपालने उचलली आणि पक्कडीने सरळ करत बसला, मशीन बिघडल्यासारखी.

संध्याकाळी बाईला भरवताना बघितलं, तर डाव्या हाताची बोटं हवेत फिरवते आहे. उलटी. अगदी माझ्यासारखी. मला वेडावून दाखवते म्हातारी! तोंड वाकडं, अंग लुळं, पण खोड गेली नाही. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात ते हेच. मी घास ताटात टाकून उठले.

१६ जुलै, बुधवार

दिवसभर तेच. बोटं फिरवते, मग माझं डावं मनगट धरून ओढते. त्या डागावर बरोबर बोट ठेवते. कुठे मारलं होतं ते विसरलेली नाही.

बेन म्हणाली, "वाह, बाना डाबा हाथमां केटली ताकात आवी!" मी म्हटलं, हो ना, मला माहीत आहे.

२० जुलै, रविवार

वर्षा बाईला पलसाण्याला घेऊन गेली. "थोडे दिवस, ताई. तुम्हाला आराम." धर्मेंद्रने खालपर्यंत उचलून नेली.

मला आराम! आरामाची काळजी मे महिन्यात नव्हती, जून महिन्यात नव्हती. कानबाई पुढ्यात आली तशी झाली. आणि बाई काय कमी आहे? जाताना देव्हाऱ्याकडे हात करून नही नही करत राहिली, वर्षाने कुंकवाची डबी काढून हातात दिली तेव्हा गप्प बसली. टकळीही गेली, चौरंगही गेला. पिशवीभर कापूसही गेला. रिक्षात बसताना माझ्याकडे वळून बघितलं नाही. छातीशी डबी धरून समोर बघत बसली.

म्हातारी नेली म्हणजे कानबाई नेली. एवढं मला कळतं.

२४ जुलै, गुरुवार

घर स्वच्छ. पलंगाची चादर धुतली. लेसच्या साड्या दुप्पट झाल्या.

खिचडी सवयीने पातळ झाली. गोपाल म्हणाला, मी आजारी नाही. मी म्हटलं, गिळा.

२७ जुलै, रविवार

वर्षाचा फोन. बाई बरी आहे, जेवते. मी विचारलं, सूत कुठवर आलं? "चालू छे, ताई." मागून बाईचं नही ऐकू आलं, आणि काहीतरी भांडं आपटल्याचा आवाज. इथे आपटत होती तसाच.

मी फोन ठेवला. औषध कोणत्या दुधात देतात ते विचारायचं राहिलं. म्हशीचं तिला बाधतं.

२९ जुलै, मंगळवार

आज नागपंचमी. गोपालला स्पष्ट सांगितलं. कानबाई पलसाण्याला बसली तर माझे गहू तिथे मोजायचे नाहीत. मी माझा रोट इथे करीन, माझ्या नवऱ्यापुरता आणि माझ्यापुरता.

गोपाल चपलेचा पट्टा लावायला वाकला. मग म्हणाला, "रोट फुटना म्हणजे घर फुटनं, उज्ज्वला."

"फुटू दे. मी काय घरात होते?"

हे बोलले आणि मलाच धक्का बसला. तो पाळीला निघून गेला. मी गहू निवडले. दोघांचे म्हणजे किती थोडे होतात! परातीचा तळसुद्धा झाकला नाही.

२ ऑगस्ट, शनिवार

आज जे झालं ते नीट लिहिते, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

सकाळी धर्मेंद्र बाईला उचलून वर घेऊन आला. मागे वर्षा, चौरंग डोक्यावर.

"हे इथे कशाला?" मी म्हटलं. "तुमच्याकडे बसवा ना. सूत तुमचं."

वर्षा हसली नाही. तिने डबी माझ्या हातात दिली. मी उघडली. आत कुंकू. सूत नाही.

माझा पारा चढला. जुनं सूत गेलं कुठे? पिढ्यांचं टोक ते, एका वर्षाच्या सुताला दुसऱ्या वर्षाचं जोडत आलेलं. मी विचारलं, हरवलंत की तोडलंत? शेजारी दारात आले एवढा माझा आवाज.

"उसवलं," वर्षा म्हणाली. "बाईंनी. बोटाबोटाने सगळं उसवून कापूस केला पाछो, परत."

मी बाईकडे वळले. काय बोलले ते आठवत नाही. मेलीस तरी माझ्या हाती लागू द्यायचं नव्हतं, असं काहीतरी. बाई भिंतीकडे तोंड करून बसली होती. वर्षाने पिशवीतून टकळी काढून माझ्यापुढे धरली.

टकळीवर हातभर सूत होतं. इतकं घाण सूत मी जन्मात पाहिलं नाही. कुठे दोरीएवढं जाड, कुठे तुटायला आलेलं, मध्ये मध्ये गुठळ्या. मी म्हटलं, हे तुझं शिक्षण? हे देवीला घालणार?

"मी नाही कातलं, ताई. मी फक्त कापूस धरला. टकळी वाटीत टेकवून बाईंनी फिरवली. डाव्या हाताने. रोज फेकायच्या, रोज रडायच्या, परत मागायच्या. मी म्हटलं, बाई, मी उजव्याने करते ना, सहेलू पडे, सोपं. तर मला वाटी फेकून मारली." तिने कपाळावरचं टेंगूळ दाखवलं.

मी सूत बोटांत घेऊन बघितलं. पीळ तिकडचा होता. माझ्या बाजूचा.

तरी मी कापूस लावून बघितला. मला कोणावर विश्वास ठेवायची सवय नाही. टोक सोडवलं, पेळू धरला, डाव्या हाताने झटका दिला. जोडावरून पीळ सरळ माझ्या कापसात चढत आला. टकळी खाली गेली, गोल फिरत राहिली, सुटली नाही.

तेव्हा मला रडू आलं. रागानेच आलं. ते जुनं सूत तिच्या उजव्या हाताचं शेवटचं होतं. पुन्हा तो हात कातणार नाही हे तिला ठाऊक होतं. ते तिने उसवलं, मला जोडता यावं म्हणून. मग ती बोटं हवेत फिरवायची ते वेडावणं नव्हतं, आणि मनगट ओढायची ते मारणं नव्हतं. इतकी वर्षं जीभ होती तेव्हा एक शब्द चांगला बोलली नाही, आणि जीभ गेल्यावर हे असं, कोणाला कळणार?

"बावीस वर्षं काय झोपला होतात?" मी ओरडले.

बाईने भिंतीवरची नजर हलवली नाही. कान मात्र लाल झाले होते.

दिवसभर कातलं. वर्षाने पेळू करून दिले. एकदा मी तिच्या टेंगळाला हळद लावली. ती म्हणाली, "ताई, बाई तुम्हालाही असंच मारतात?" मी म्हटलं, तू नवीन आहेस.

गहू पुन्हा निवडायला काढले. सगळ्यांच्या नावाचे. या वेळी परात भरली.

३ ऑगस्ट, रविवार

घर भरलं. नारळाला नथ बाईच्या पेटीतली. केळीचे खांब, रोटाची पुरणपोळी, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी. भाऊबंद सगळे जमले तेव्हा सूत गुंडाळायची वेळ आली. शेवटचं वीतभर सूत देवीसमोर कातायचं असतं. मी टकळी घेतली. डाव्या हातात.

मालतीबाई याच क्षणाची वाट बघत असणार. "माय वं! कानबाईपुढे डावा हात? वर्षाले दे ती टकळी. देवनं काम शे."

बायका कुजबुजल्या. गोपाल दारापाशी उभा राहून छताकडे बघू लागला. माझं बोट टकळीवर अडकलं. वर्षा काही बोलायच्या आत पलंगावरून आवाज आला.

"नही."

मालतीबाई म्हणाल्या, "पाहा, धुरपदावहिनी बी नही म्हणतस."

बाईने डावा हात उचलला, सगळ्यांना दिसेल असा वर धरला, आणि बोटं फिरवली. उलटी. मग ते बोट मालतीबाईंकडे रोखलं. "नही!"

एवढा मोठा आवाज आजारपणात कधी लागला नव्हता. मालतीबाई पाट ओढून खाली बसल्या.

मी टकळी फिरवली. चौरंगाभोवती सूत फिरलं. जाड, गुठळ्यांचं आधी, मग माझं.

४ ऑगस्ट, सोमवार

सकाळी वाजतगाजत तापीवर. चौरंग मी डोक्यावर घेतला, वर्षाने हात लावला. परत येताना तिची चप्पल तुटली, तिला तेवढंच हसायचं कारण मिळालं. हातभर सूत डबीत ठेवलं.

घरी आले तर बाई तोंड फुगवून. आपल्याला नदीवर नेलं नाही म्हणून. पाच जणांनी उचलून न्यायचं का, म्हटलं, मिरवणुकीत दोन देव कशाला? तिने डबी मागितली, सूत बाहेर काढलं, डोळ्यांजवळ नेलं, आणि माझ्या कातणीत एक जाड जागा शोधून काढली. एकच होती. तिला ती सापडलीच. माझ्या मनगटावर फटका मारला.

"तुमच्या गुठळ्या मोजू का मी?" मी म्हटलं.

"नही," म्हणाली, आणि टकळी माझ्या मांडीवर टाकली.

खाल्लं: रोटाची पोळी गाईच्या दुधात कुस्करून, सगळी. हात हलला: डावा. दोघींचा.